विमानाचा सव्वा तास

इंदुराहून मुंबईस विमानाने किती वेळ लागतो, असे कोणास विचारावे तर 'सव्वा तास' हे उत्तर तत्काळ मिळते. दोन शहरांमधील अंतर मैलांत वा किलोमीटरांत न सांगता मिनिटांत सांगण्याची चाल हल्ली पडली आहे. ही चाल सोयीची खरी. परंतु तिच्यावर विसंबल्याने अंतर म्हणजे काय, याचाच आपणांस विसर पडत चालला आहे, असे माझे मत आहे.

प्रथम हा सव्वा तासच तपासून पाहू. इंदूर व मुंबई यांमधील हवाई अंतर सुमारे 510 किलोमीटर आहे. ताशी 800 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास ते चाळीस मिनिटांत तोडता यावे. मग उरलेला वेळ कोठे जातो? वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईस जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग आवरीत उतरणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात आपल्या पाळीची वाट पाहणे, हे सारे त्यात येते. त्यात घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तेथील तपासणी, सामानाची प्रतीक्षा व मुंबईतील पुढील प्रवास मिळवला, की सव्वा तासाचे सहज पाच तास होतात.

आता जमिनीवरील वाट पाहू. आग्रा-मुंबई रस्त्याने हे अंतर सुमारे 585 किलोमीटर आहे. खलघाटास नर्मदा ओलांडावी, सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरावा आणि शिरपूर, धुळे, नाशिक करीत मुंबई गाठावी. आगगाडीने मात्र हेच अंतर सुमारे 830 किलोमीटर होते! दक्षिणेस जाऊ इच्छिणारा प्रवासी आधी उत्तरेस उज्जैनला जातो आणि रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा घेऊन रात्रभराने मुंबईस पोहोचतो.

इंदूर-मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. मनमाडहून मुंबई सुमारे 260 किलोमीटर. म्हणजे या मार्गाने तितकाच, सुमारे 260 किलोमीटरांचा, फेरा वाचेल. 'विमान असता रेल्वेचा एवढा खटाटोप कशासाठी?' असे कोणी म्हणेल. आजारी माणसास तातडीने मुंबईस नेताना विमानाचे उपकार किती थोर, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु विमान केवळ दोन टोके जोडते. निमाडातील शेतकरी, धुळ्याचा विद्यार्थी, माहेरी निघालेली नाशिककर लेक यांच्या डोक्यावरून ते निघून जाते. आगगाडी मधल्या गावांसही आपली म्हणते, आणि तिचे भाडे सामान्य कुटुंबास परवडते. म्हणून हा लोहमार्ग लवकर पुरा व्हावा, ही मागणी आपण आग्रहाने केली पाहिजे.

इंदूरच्या विमानतळास देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे, ते योग्यच आहे. परंतु चौंडीहून माळव्यात आलेल्या त्या साध्वीने विहिरी खोदविल्या, घाट व धर्मशाळा बांधविल्या, त्या वाटेने पायी जाणाऱ्यांसाठी! त्यांच्या नावाच्या विमानतळावरून उड्डाण करताना खिडकीतून क्षणभर खाली पाहावे. जे अंतर आपण सव्वा तासात ओलांडतो, तेथे माणसे राहतात.