नाव फातिमा ठेवताय? अर्थही सांभाळा

मुलगी झाली की अकीक्याच्या आधीच घरातल्या तरुण मंडळींचे मोबाइल बाहेर निघतात. ‘युनिक’, ‘मॉडर्न’ नावं शोधली जातात. नानीनं ‘फातिमा ठेवा’ म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: फार जुनं वाटतं. दुसरी हरकत हळू आवाजात येते: हे नाव सांगून उद्या हिला भाड्यानं घर मिळेल का? मित्रमैत्रिणींनो, या दोन्ही हरकतींवर जरा बोलूया.

फातिमा हा अरबी शब्द. ‘फ-त-म’ या मुळाचा अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. फातिमा म्हणजे दूध तोडणारी. मुलींच्या नावांचे अर्थ आपण बहुधा फूल, चांदणी, नाजूक असेच ऐकतो. हे नाव मात्र एक काम सांगतं. दूध तोडणं म्हणजे माया तोडणं नव्हे. मूल स्वतःच्या हातानं घास घेऊ लागावं, याची ती सुरुवात. दूध सोडवण्याचा निर्णय आईबापांनी परस्पर संमतीनं आणि सल्ल्यानं घ्यावा, असं कुरआनात (2:233) आहे. म्हणजे तिथं आईचं मत विचारायचंच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मुलीमुळे हे नाव जगभर गेलं. पण ते अरबस्तानात त्याआधीही होतं, हजरत अली (रजि.) यांच्या आईचं नावही फातिमाच. आज तुर्कस्तानात फातमा, इराणात फातेमे, पश्चिम आफ्रिकेत फातुमाता, आपल्या बोहरा घरांत फातेमा. गोव्यात ख्रिस्ती बायकांचंही हे नाव असतं. पोर्तुगालमधल्या फातिमा गावात 1917 साली मेरीमातेनं दर्शन दिलं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तिथून ते आलं. इतक्या घरांत वावरणारं नाव कुणा एकाच्या कपाळावरचा शिक्का कसं ठरेल?

आपल्या मातीतही हे नाव कामाचंच आहे. 1856 साली सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना आपल्यामागे फातिमावर पडणाऱ्या कामाची काळजी वाटते. तीच पुण्यातली फातिमा शेख. पुढे 1989 साली केरळच्या फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. जुनं म्हणून बाजूला ठेवलेल्या नावामागे एवढं सगळं उभं आहे.

आता घराचा प्रश्न. ही भीती खोटी नाही आणि भीतीपोटी दुसरं नाव ठेवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण नाव ऐकून दार लावणाऱ्याची चूक त्याच्याच खात्यावर राहू द्या. मुलीचं नाव बदलून ती आपल्या खात्यावर का घ्यायची? शिवाय आडनाव तर सोबत राहणारच आहे.

ठेवलंत, तर दोन गोष्टी करा. पहिली कागदाची. फातिमा, फातेमा, फातमा यांतलं एकच रूप ठरवा आणि जन्मदाखल्यावर तेच लिहून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, लग्ननोंदणी अशा कामांत जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला हाच दाखला लागतो. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं झालं, तर हेलपाटे त्या पोरीच्या वाट्याला येतात.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. नाव फातिमा ठेवायचं आणि दहावी झाली की ‘आता पुरे’ म्हणून तिची शाळा तोडायची, हे त्या नावाशी जुळत नाही. तोडायचं होतं ते परावलंबन. तिच्या कॉलेजचा निर्णय घेताना तिच्या आईला विचारा, आणि तिला स्वतःलाही विचारा.