एका 'ऑफ'ची गोष्ट

बँकेत लागून मला वर्षही झाले नव्हते, तेव्हाची, म्हणजे १९८३ मधली गोष्ट. एका कर्जप्रकरणाबद्दल मुख्य कार्यालयाला पत्र लिहायचे होते. कागदपत्रे मी बारकाईने पाहिली होती, म्हणून ऐटीत लिहिले, 'आय हॅव ओव्हरलुक्ड ऑल द पेपर्स.' आठ दिवसांनी विचारणा आली: कागदपत्रांकडे दुर्लक्ष केल्याची लेखी कबुली आपण का देत आहात, याचा खुलासा करावा. 'लुक ओव्हर' म्हणजे नजरेखालून घालणे आणि तेच दोन शब्द उलटे करून जोडले की कानाडोळा करणे, हे ज्ञान मला असे टपालाने घरपोच मिळाले.

मी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढीतला. पुढे तर्खडकर आणि रेन-मार्टिन यांचे बोट धरून इंग्रजी कमावले. गो-वेंट-गॉन झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवले असते. अवघड शब्दांनी मला कधी छळले नाही. ते शब्दकोशात सापडतात. छळले ते क्रियापदाच्या शेपटाला लोंबकळणाऱ्या अप, ऑफ, आउट, इन, ओव्हर या चिल्ल्यापिल्ल्यांनी. लुक म्हणजे पाहणे. पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक इंटू म्हणजे चौकशी करणे आणि लुक डाऊन ऑन म्हणजे तुच्छ लेखणे! डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे की, परकीयांना सर्वांत जड जाते ती हीच गोष्ट. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. आपली फजिती निदान सव्वादोनशे वर्षांची जुनी आणि प्रतिष्ठित होती.

आपली निम्मी चूक आपल्या मराठीमुळे होते. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' म्हणतो. इंग्रजाला तो अबाउट नको असतो. आपण कुणाशी लग्न करतो, म्हणून 'मॅरी विथ'. 'त्याला विचार' यातला 'ला' सुटत नाही, म्हणून 'आस्क टू हिम'. आणि बायको आपल्यावर रागावते, म्हणून 'अँग्री ऑन मी'. (तिचा राग अंगावर येतोच, तेव्हा हे चूक आहे असे मी तरी म्हणणार नाही.)

उरलेली निम्मी चूक कुणाची, हे मात्र सांगता येत नाही. काउंटरवर आयुष्यभर मी लोकांना 'फॉर्म फिल अप करा' असे सांगितले. लंडनचा माणूस 'फिल इन' म्हणतो. अमेरिकेत वाढणारी माझी नात 'फिल आउट' म्हणते आणि आजोबांना हसते. मी अमक्या साली कॉलेजातून 'पासआउट' झालो, असे सांगितले तेव्हा तर ती घाबरलीच. तिच्याकडे पासआउट म्हणजे घेरी येऊन पडणे.

पण तुम्ही म्हणाल तसा हा इंग्रजांचाच आडमुठेपणा आहे का? एकदा तिला मी मराठी शिकवायला बसलो आणि माझे डोळे उघडले. 'देऊन टाकले' आणि 'देऊन बसलो' यांत फरक काय, असे तिने विचारले. टाकले म्हणजे फेकले का? बसलो म्हणजे खुर्चीत का? पैसे 'देऊन टाकले' यात मोकळे झाल्याचा सुस्कारा आहे, 'देऊन बसलो' यात पश्चात्ताप आहे, 'देऊन ठेवले' यात पुढची तजवीज आहे. इंग्रजी जे काम अप-ऑफ-आउटकडून करून घेते, ते आपण टाक, बस, ठेव या क्रियापदांकडून करून घेतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण ते आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते.

जाणवायला हवे होते, हे मी अनुभवाने म्हणतो आहे. १९९६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथे लेथ मशीनवर कामे करणाऱ्या एका कारागिराचे कर्ज थकले होते. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर थकीत कर्जांचे नियम कडक झाले होते आणि त्याचे खाते वरून 'राइट ऑफ' होऊन आले. हे कर्जदाराला सांगायचे नसते. पण तो समोर उभा होता, चार वेळा विचारत होता. मी बोलून गेलो. "म्हणजे काय साहेब?" त्याने विचारले. माझ्यापुढे रांग होती. मी म्हणालो, "खात्यातून काढून टाकलं."

दुसऱ्या दिवशी त्याने शाखेत पेढे वाटले. मी परगावी बैठकीला गेलो होतो. परत आल्यावर टेबलावर माझ्या वाट्याचा पेढा होता आणि तो मी खाल्ला, हेही सांगितले पाहिजे. कशाचे पेढे, हे मी कुणाला विचारले नाही.

राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून रक्कम उतरवणे. कर्जदाराचे देणे तसेच राहते, वसुलीही चालू राहते. काही महिन्यांनी आमच्याच शाखेने वसुलीचा दावा लावला आणि नोटीस त्याच्या जामीनदाराला गेली. जामीनदार त्याचा मेव्हणा, शाळामास्तर. कर्ज माफ झाल्याचे त्याला कारागिरानेच हर्षभराने सांगितले होते. आता मास्तरांची खात्री झाली की, दाजींनी आपल्याला फसवले. त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला नाही. हे मला त्या कारागिराच्या बायकोने शाखेत येऊन सांगितले. आवाज न चढवता. मी 'काढून ठेवलं' म्हणालो असतो तरी बरेचसे खरे झाले असते.

मोठमोठ्या रकमांच्या राइट ऑफचे आकडे संसदेत जाहीर होतात, तेव्हा आजही त्याचे 'कर्जमाफी' असे भाषांतर दिसते आणि वाद पेटतो. २००८ मध्ये केंद्राने लहान शेतकऱ्यांना दिली ती माफी. तिथे देणेच संपले होते. राइट ऑफ झालेल्या कर्जातून हाती किती लागते, हा वेगळा आणि कडू प्रश्न आहे आणि तो जरूर विचारावा. पण या दोन गोष्टी एक नव्हेत. जून २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेलाही स्पष्ट करावे लागले की, तांत्रिक राइट ऑफ हा केवळ हिशेबापुरता असतो, कर्जदारावरचा हक्क त्याने सुटत नाही. सरकारी मराठीत त्याला 'निर्लेखन' हा शब्द आहे. तो ऐकून लेथवाल्याला काय कळले असते, देव जाणे.

माझ्या बदलीच्या आधी, १९९८ मध्ये, त्याने तडजोडीने पैसे भरले. दाखला इंग्रजीत टाइप झाला होता: लोन 'पेड ऑफ' वगैरे. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने 'ऑफ'वर बोट ठेवले.

"साहेब, हा ऑफ तोच का?"

"नाही," मी म्हणालो. "हे फिटलं."

"मग मराठीत लिहून द्या. मेव्हण्याला दाखवायचंय."

मी खाली लिहिले, 'कर्ज पूर्ण फिटले', सही केली आणि वर शाखेचा शिक्का मारून दिला.