फोन ‘हरवला’ की ‘हिसकावला’? तक्रारीतला एक शब्द का महत्त्वाचा?

रात्रीचे साडेदहा. स्टेशनबाहेरची गर्दी पांगलेली. रिक्षा बुक करण्यासाठी एक जण फोनमध्ये डोकं घालून रस्त्याच्या कडेला उभा असतो. मागून बाइक येते आणि दोन सेकंदांत फोन गायब! मग सल्ला ठरलेला, ‘त्या एरियात रात्री जायचंच कशाला?’

पण रात्रपाळी संपवून त्याच वस्तीत घरी परतणारी नर्स, सिक्युरिटी गार्ड किंवा डिलिव्हरी बॉय यांनी जायचं कुठे? धोका वस्तीच्या नावात नसतो. तो बंद पडलेल्या दिव्यांत, निर्मनुष्य स्कायवॉकवर आणि आपल्या बेसावधपणात असतो. रस्त्यावर लोकांची नजर असली की रस्ता सुरक्षित राहतो, असं अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. रात्री उघडी असलेली चहाची टपरी म्हणूनच मोलाची.

रस्त्यावर काय कराल?

- रिक्षा-कॅब ऑफिसमध्ये किंवा स्टेशनच्या आत असतानाच बुक करा. मॅप पाहायचा तर उघड्या दुकानासमोर थांबा.
- दोन्ही कानांत इअरफोन नको.
- कुणी पाठलाग करतंय असं वाटलं, तर थेट घरी जाऊ नका. मेडिकल किंवा हॉटेल गाठा, ११२ ला कॉल करा.
- लोकलच्या दारात फोन काढू नका. रुळांलगत उभी असलेली ‘फटका गँग’ हातावर काठी मारून फोन पाडते. फोन पडला तरी गाडीतून उतरण्याचा प्रयत्न नको.
- कोयता, चाकू दिसला तर फोन देऊन टाका.

फोन गेल्यावर?

- लगेच सिम ब्लॉक करा. बँकेला कळवून यूपीआय बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा.
- पोलिस तक्रारीच्या प्रतीसह ‘संचार साथी’ पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. *#०६# डायल करून तो आजच लिहून ठेवा.

‘गहाळ’ लिहून घेऊ नका

खरा प्रश्न इथे आहे. हिसकावलेला फोन अनेकदा ‘गहाळ’ म्हणून नोंदवला जातो. तक्रारदारालाही घाई असते, इन्शुरन्स आणि सिमपुरता कागद मिळाला की तो निघतो. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावणं हा कलम ३०४ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घटना कुठेही घडली असली तरी कोणत्याही पोलिस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो आणि त्याची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नकार मिळाला, तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते.

नोंद ‘गहाळ’ची झाली, तर कागदावर त्या रस्त्यावर गुन्हाच घडलेला नसतो. मग तिथे गस्त वाढवा, दिवे लावा, ही मागणी कशाच्या आधारावर करायची? सावध राहणं ही नागरिकाची गरज आहे, पण रस्ता सुरक्षित ठेवणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे. तिची आठवण करून द्यायची, तर तक्रारीत ‘हिसकावला’ हाच शब्द हवा.