ॲल्युमिनियम : धातू आणि त्याचे नाव

महाराष्ट्रातील अनेक घरांत ॲल्युमिनियमाच्या पातेल्यास ‘जर्मनचे पातेले’ म्हणण्याची रीत आहे. ह्या नावामुळे दोन गैरसमज संभवतात. ‘जर्मन सिल्व्हर’ हा निराळाच मिश्रधातू असून तो तांबे, जस्त व निकेल ह्यांचा बनतो. त्यात ॲल्युमिनियम नसते आणि चांदीही नसते. शिवाय, ज्या धातूचे खनिज, म्हणजे बॉक्साइट, कोल्हापूर व बेळगाव जिल्ह्यांतील जांभ्याच्या पठारांवर सापडते, तो धातू मुळात परदेशी होय अशी समजूत मुलांच्या मनात रुजते.

भूकवचातील धातूंमध्ये ॲल्युमिनियमाचे प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ८ टक्के आहे. तथापि ऑक्सिजनशी त्याचे बंधन इतके दृढ असते की, डेन्मार्कमधील ओर्स्टेड ह्यांना तो प्रथम सुटा करता आला तो १८२५ साली, आणि तोही अशुद्ध रूपात. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू ह्यांनी विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची कृती स्वतंत्रपणे शोधली. त्यानंतरच तो सामान्यांच्या स्वयंपाकघरात येऊ शकला. त्याची घनता २.७, म्हणजे लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. हवेत त्यावर ऑक्साइडाचा पातळ थर जमतो व तोच आतील धातूचे रक्षण करतो. चिंचेच्या वा ताकाच्या आंबटपणाने ह्या थरास बाध येतो. म्हणून असे पदार्थ त्या भांड्यात साठवू नयेत.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्यात सुमारे ४ टक्के तांबे व किंचित मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात विझविले असता काही दिवसांत ते पुष्कळच बळकट होते. अशा मिश्रधातूंमुळेच धातूची विमाने शक्य झाली. बंगळूर येथे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला. तेथेच डॉ. विष्णू माधव घाटगे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली रचलेले ‘एच.टी.-२’ हे धातूचे शिकाऊ विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले. अलीकडील ‘तेजस’ विमानात कार्बन-तंतूंच्या संमिश्रांना मोठे स्थान मिळाले असले, तरी ॲल्युमिनियम-लिथियम मिश्रधातूही त्यात वापरलेले आहेत.

आता नावाचा प्रश्न. १८०८ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही ह्यांनी तुरटीच्या लॅटिन नावावरून ‘ॲल्युमियम’ व पुढे १८१२ मध्ये ‘ॲल्युमिनम’ असे नाव दिले. सोडियम, पोटॅशियम ह्या नावांशी जुळणारे ‘ॲल्युमिनियम’ हे रूप इतरत्र रूढ झाले. अमेरिकेत मात्र ‘ॲल्युमिनम’च राहिले. आपल्याकडे तुरटीच्या ‘स्फटी’ ह्या संस्कृत नावावरून ‘स्फट्यातु’ असा शब्दही घडविण्यात आला. मूळ नावाचा अर्थ त्यात उतरला आहे, हे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु ज्या विद्यार्थ्यास ‘स्फटी’ म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यास हा शब्द दोनदा समजावून द्यावा लागेल. ‘तुरटी’ मात्र प्रत्येक घरात ओळखीची आहे.

म्हणून पाठ्यपुस्तकांनी ‘ॲल्युमिनियम’ हेच नाव ठेवावे आणि त्याचे तुरटीशी असलेले नाते पहिल्याच धड्यात सांगावे. घरगुती ‘जर्मन’ हा शब्द चुकीचा ठरवून मुलांना हिणवू नये. तो कोठे फसवितो एवढे दाखवावे. शाळेच्या कपाटात तुरटीचा खडा, बॉक्साइटाचा तुकडा आणि एखादे जुने पातेले शेजारी शेजारी ठेवल्यास हे काम सहज होईल.