भांगेचा परवाना सरकारचा, मग नोकरी ओळखीची का?

माझे वडील रेल्वेच्या नोकरीमुळे नागपूरहून कोलकात्याला, गार्डन रीचला आले. हुगळीकाठचे हे मुख्यालय पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेचे होते, 1955 पासून दक्षिण पूर्व रेल्वेचे आहे. 2003 पर्यंत नागपूर विभाग याच मुख्यालयाच्या हाताखाली होता. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबले, वडील कारकून झाले. हे घडले ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीमुळे, छापील अर्जामुळे, लेखी परीक्षेमुळे आणि फलकावर लागलेल्या यादीमुळे. त्या यादीमागे राखीव जागांचा रोस्टर होता आणि रोस्टरमागे बाबासाहेब. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना 1943 मध्ये त्यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा मिळवून दिल्या होत्या.

हे आज आठवायचे कारण माझा भाचा. कृषी पदवीधर, त्याच्या वडिलांच्या घरातला पहिला. भांगेच्या बियांचे तेल आणि औषधे विकणाऱ्या एका कंपनीत मुलाखत देऊन तो माझ्याकडे आला. जागेची जाहिरात कुठेच नव्हती. कॉलेजातल्या एका सीनियरकडून कळले म्हणून तो गेला. पहिला प्रश्न, कोणाच्या ओळखीने आलात? दुसरा, वडील काय करतात? तिसरा, गाव कोणते, आडनाव कुठले? "मावशी, पिकाबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही," तो म्हणाला. दोन दिवसांनी निरोप आला, आमच्या टीममध्ये तुम्ही रुळाल असे वाटत नाही.

हा उद्योग आपल्याकडे नवा आहे, म्हणून त्याचा पाया समजून घेऊ. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने गांजा, म्हणजे झाडाचा फुलोरा, आणि चरस यांवर बंदी आणली. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. तंतू आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा याच कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे. त्या आधारे उत्तराखंडने 2018 मध्ये परवाना दिला. 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. यातून ज्या नोकऱ्या निघतात त्या आपल्याच मुलामुलींच्या पदव्यांच्या आहेत: बियाण्यांवर काम करणारे कृषी पदवीधर, नशेच्या घटकाचे प्रमाण मोजणारे रसायनशास्त्राचे पदवीधर, गुणवत्ता तपासणारे बीफार्म, परवान्यांची कागदपत्रे सांभाळणारे वाणिज्य पदवीधर.

या पिकाचे ज्ञान कष्टकऱ्यांकडे जुनेच आहे. अखंड बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भागात इंग्रज सरकारच्या परवान्याने गांजा पिकत असे. नर झाडे वेळेत उपटली नाहीत तर पीक बिघडे, म्हणून ती ओळखणारा जाणकार मजुरी देऊन बोलावत. त्याला पोद्दार म्हणत. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात त्याची नोंद आहे. आज तेच काम 'क्रॉप एक्स्पर्ट' या नावाने होते आणि त्यासाठी ओळख विचारली जाते.

दुसरी बाजू तुरुंगाची. एक किलोपर्यंत गांजा सापडला तरी कायद्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पोलिसांच्या गाडीत बहुतेक वेळा कोण बसते, हे आपापल्या वस्तीतल्या लोकांना विचारा. पाचशे ग्रॅमसाठी पकडलेल्या पोराला पुढे चारित्र्य पडताळणीत सरकारी नोकरीची दारे बंद होतात. त्याच झाडाचा परवानाधारक मात्र 'उद्योजक' म्हणून व्यासपीठावर बसतो.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्याआधी आला. गांजाचे सेवन काळ्या आणि गोऱ्यांत जवळपास सारखेच, तरी काळ्यांना अटक होण्याची शक्यता 3.6 पट, असे नागरी हक्क संघटना एसीएलयूने 2020 मध्ये मांडले. म्हणून ओकलंड शहराने 2017 मध्ये निम्मे परवाने अशा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवले, जे गांजाच्या गुन्ह्यात दोषी ठरले होते किंवा जास्त पोलिसी कारवाई झालेल्या भागांत राहत होते. इलिनॉय राज्याच्या 2019 च्या कायद्यात मात्र एक पळवाट राहिली. किमान दहा कर्मचारी असलेल्या मालकाने त्यांतले 51 टक्के अशा वस्त्यांतले किंवा अशी अटक झालेले दाखवले की तोही सामाजिक न्यायाचा अर्जदार ठरे. माणसे गरिबांची आणि परवाना श्रीमंताचा, अशी टीका झाली. यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या: अट घालता येते, आणि अट फक्त नोकरीपुरती ठेवली तर मालकी जिथल्या तिथे राहते.

कोणी म्हणेल, खासगी कंपनी गुणवत्तेवर माणसे घेते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावे वेगळी असलेले 4808 अर्ज पाठवले. 2007 मध्ये आलेला निष्कर्ष असा की दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश होती. हे मुलाखतीच्या आधीचे, कागदावरचेच आहे.

दुसरे म्हणणे असे की उद्योग लहान आहे, आताच अटी घातल्या तर गुदमरेल. पण रीत लहानपणीच पडते. आयटी कंपन्या लहान होत्या तेव्हा आपण गप्प राहिलो. त्या मोठ्या झाल्यावर उद्योगसंघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली आणि स्वेच्छा म्हणजे काय, हे आपण पाहतोच आहोत.

इतर खासगी धंद्यांपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. हा धंदा सरकारच्या परवान्याशिवाय उभाच राहू शकत नाही. जे सरकार नशेचा अंश 0.3 टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी अट घालते, ते भरतीचीही अट घालू शकते. प्रत्येक जागेची पगारासह जाहीर जाहिरात. कोणत्या समाजातले किती लोक कोणत्या पदावर आहेत, याची दरवर्षी प्रसिद्धी. मुलाखतीत वडिलांचा धंदा आणि आडनाव विचारण्यास मनाई. अल्प प्रमाणाच्या जुन्या गुन्ह्यामुळे अर्ज बाद न करणे. आणि लागवडीच्या परवान्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकरी सहकारी संस्थांना राखीव वाटा.

महाराष्ट्रात असे धोरण येईल तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातील. त्या वेळी लिहायला आपण हवे. भाच्याला मी सांगितले, त्या मुलाखतीत काय काय विचारले ते तारखेनिशी लिहून ठेव. तुमच्यापैकी ज्यांना असे प्रश्न विचारले गेले त्यांनीही लिहून ठेवा. वडिलांच्या वेळी यादी फलकावर लागत होती, कारण कोणीतरी आधी ती मागितली होती.

जय भीम.