दुखऱ्या खांद्याचा पुरावा



विळीने बोट कापलं म्हणून दवाखान्यात धनुर्वाताची लस घेतली. पोलक्याची बाही तंग, वर सरकेना. म्हणून गळ्याकडून खांदा उघडा केला आणि सुई फार वर टोचली गेली. त्याच रात्री खांदा ठणकू लागला. पुढे सात महिने मला अंबाडा घालता येत नव्हता, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "या वयात बायकांचे खांदे धरतातच." मीही मान डोलावली. हातात एक कागद नव्हता, लस दिल्याची नोंदसुद्धा नाही.

ही इजा लस वाईट म्हणून होत नाही. दंडाच्या स्नायूऐवजी सांध्यालगत टोचली म्हणून होते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लशीमुळे इजा झालेल्यांसाठी भरपाईची योजना आणली आणि २०१७ मध्ये खांद्याची ही इजा तिच्या यादीत घातली. दुखणं ४८ तासांत सुरू झालं, सहा महिन्यांहून अधिक टिकलं आणि त्याला दुसरं कारण नाही, एवढं दाखवावं लागतं. चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. पैसा लशींवरच्या करातून येतो. दावा प्रामाणिक आणि साधार असेल, तर हरल्यावरही वकिलाची फी मिळू शकते. अर्जाची मुदत मात्र तीन वर्षं.

आपल्याकडे? करोनाच्या लशीनंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या पालकांना केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुचवलं, ते दिवाणी न्यायालयात जाण्याचं. तिथे चूक सिद्ध करायची ती आपणच. मोलकरणीने खाडे करून हे कसं करावं? मोटार अपघातात चूक सिद्ध न करता भरपाई देणारी तरतूद आपल्या कायद्यात आहे. घरकामाचं मोल धरा, असं २०२१ मध्ये अपघाताच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मग सगळ्यांच्या भल्यासाठी दंड पुढे करणाऱ्या बाईचा खांदा गेला, तर तो तिच्या एकटीचा प्रश्न का?

लस घ्याच, लेकीसुनांनाही घ्यायला लावा. पण दंड मोकळा राहील असं पोलकं घाला, नोंद मागून घ्या, दुखणं सुरू झालं ती तारीख लिहून ठेवा. आणि "वयाचं दुखणं" ऐकून माझ्यासारखी मान डोलवू नका. आपापल्या गटातले असे अनुभव लिहून पाठवा. सरकारपुढे मागणी ठेवायची, तर कागद लागतील. पहिला अनुभव माझा धरा.

— संपादक