बधिर पायाची नोंद कोणाच्या वहीत?

बाळंतपणाच्या कळा शमवण्यासाठी किंवा सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे, ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. काही तासांत भूल उतरते आणि पाय पूर्ववत होतात, असाच बहुसंख्य स्त्रियांचा अनुभव आहे. परंतु काहींच्या बाबतीत तसे घडत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्पर्श कळत नाही, तळपायाला मुंग्या येत राहतात, चालताना पाऊल नीट उचलले जात नाही, क्वचित लघवी भरून आल्याची जाणीवच होत नाही. आठवड्यांमागून आठवडे जातात आणि दोन प्रश्न उभे राहतात : हे कशामुळे झाले, आणि त्याची जबाबदारी कोणाची?

पहिल्या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे मिळतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, पाठीत सुई घेतली तेव्हाच कंबर गेली. रुग्णालयात सांगितले जाते, असे होतेच, जाईल काही दिवसांत, मनावर घेऊ नका. ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली, तरी त्यांत एक साम्य आहे. ती देणाऱ्यांपैकी कोणीही बहुधा त्या बाईचा पाय तपासलेला नसतो.

एपिड्युरल भुलेत मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेर एक बारीक नळी बसवून तीतून औषध सोडले जाते. स्पायनल भुलेत सुई ते आवरण भेदून आतील द्रवात औषध सोडते. सिझेरियनसाठी प्रायः हीच पद्धत वापरली जाते. दोन्ही पद्धतींत सुईने एखाद्या मज्जातंतूला इजा होणे, आत रक्ताची गाठ होणे किंवा पू धरणे शक्य असते. हे किती वेळा घडते, याचा सर्वांत भरवशाचा हिशोब ब्रिटनमध्ये झाला. तेथील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत राष्ट्रीय आरोग्य सेवेची झाडून सर्व रुग्णालये सहभागी होती. वर्षभरात अशा प्रकारच्या सात लाखांवर भुला दिल्या गेल्या. त्यांतील सुमारे 45 टक्के बाळंतिणींना होत्या. प्रत्येक संशयित घटनेचा दोष सुईच्या माथी मारून मोजले, तरीही कायमच्या इजेचे प्रमाण लाखात चारच्या आसपास निघाले. केवळ बाळंतिणींपुरते पाहिले, तर ते लाखात एकाच्या जवळपास होते. सुईला सरसकट गुन्हेगार ठरवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घेतला पाहिजे.

पण म्हणून बाईची तक्रार खोटी ठरत नाही. शिकागो येथे सहा हजारांहून अधिक बाळंतिणींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकीला विचारले गेले आणि तक्रार असेल तिला तपासले गेले, तेव्हा 56 जणींच्या मज्जातंतूंना नव्याने इजा झालेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ एक. लक्षणे टिकण्याचा मध्यम कालावधी दोन महिने होता. या इजांचा संबंध पहिलटकरीणपणाशी आणि कळा देण्याचा शेवटचा टप्पा लांबण्याशी दिसून आला. बाळाचे डोके ओटीपोटातून जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब देते. मांड्या पोटाशी दुमडून तासन्‌तास जोर लावताना जांघेतील आणि गुडघ्याजवळील मज्जातंतू दबतात. इजा होते ती बहुतेक वेळा यामुळे.

याचा अर्थ भूल सर्वस्वी निर्दोष आहे असाही नव्हे. अवघडलेला पाय आपण होऊन हलवला जातो, कारण तो दुखतो. बधिर पाय दुखत नाही, म्हणून बाई तो हलवत नाही आणि हलवा असे कोणाला सांगतही नाही. शरीराचा पहारेकरी झोपवल्यावर पहाऱ्याचे काम दुसऱ्या कोणीतरी केले पाहिजे. भूल दिलेल्या बाईची स्थिती वरचेवर बदलणारी परिचारिका जागेवर हवी. एका परिचारिकेकडे अनेक खाटा सोपवल्या, तर ते काम होणार नाही. म्हणजे जी इजा वरकरणी निसर्गाची दिसते, तिच्यातही मनुष्यबळाच्या काटकसरीचा वाटा असू शकतो.

तपासणी का हवी, याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कण्यात रक्ताची गाठ होणे अत्यंत दुर्मीळ, परंतु ती झाली तर काही तासांतच शस्त्रक्रिया करून दाब काढावा लागतो. उशीर झाला तर पाय कायमचे जातात. म्हणून ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 साली एक साधा नियम सुचवला. भुलेच्या शेवटच्या मात्रेनंतर चार तासांनी बाईला पाय सरळ ठेवून खाटेवरून उचलायला सांगावे. उचलता आला नाही, तर भूलतज्ज्ञाला बोलवावे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. लागते ती विचारण्याची सवय आणि उत्तर लिहून ठेवण्याची वही.

भारतात ही वही कोणाकडे आहे? कळांसाठी एपिड्युरल घेण्याची सोय येथे मुख्यतः शहरांतील पैसेवाल्या वर्गापुरती आहे, म्हणून हा श्रीमंतांचा प्रश्न असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीनुसार देशातील 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 47.4 टक्के, तर सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के होते. वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास जन्म धरले, तर चाळीस लाखांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया होते आणि त्यांतील बहुतेकींच्या पाठीत सुई जाते. शिकागोचे प्रमाण येथे जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. पण त्याच्या निम्मे धरले, तरी सुईने असो वा प्रसूतीच्या दाबाने, पाय बधिर झालेल्या बाळंतिणींची संख्या दरवर्षी लाखाच्या घरात जाते. इतक्या मोठ्या संख्येची राष्ट्रीय मोजदाद होत नाही.

ज्या नुकसानीची नोंद होत नाही तिचा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुर्बलाच्या खात्यावर जातो. कार्यालयात काम करणारीला 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. तेवढ्यात बहुधा तिचा पाय पूर्ववत होतो. भातलावणीला जाणाऱ्या, विटा वाहणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला सव्वा महिनाही पुरता मिळत नाही. चिखलात पाऊल कोठे पडते हे जिला कळत नाही, तिची मजुरी बुडते. कपाळी आले ते भोगायचे, असे म्हणून ती गप्प बसते.

कायद्याचा आधारही तिला तोकडाच पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली, पण सर्वांना विनामूल्य सेवा देणारे रुग्णालय त्याबाहेर राहिले. फुकट उपचार घेणाऱ्या गरिबाला खर्चिक आणि लांबलचक दिवाणी दाव्याचीच वाट उरली. न्यायालयाच्या 2008 च्या निर्णयाने संमतीपूर्वी पुरेशी माहिती देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले, मात्र दूरचे धोके सांगण्याची आवश्यकता मानली नाही. शिवाय दावा करायचा तर कोणाची तरी चूक सिद्ध करावी लागते, आणि येथे तर बहुतेकदा चूक कोणाचीच नसते. न्यूझीलंडने 1974 पासून चूक सिद्ध न करताही अपघातग्रस्ताला भरपाई देणारी सार्वजनिक योजना चालवली आहे. 2022 पासून प्रसूतीत मातेला होणाऱ्या ठरावीक इजांचाही तीत समावेश झाला. दोष कोणाचा, याची वाट न पाहता नुकसान समाजाने वाटून घ्यावे, हे तत्त्व तेथे व्यवहारात उतरले आहे.

भरपाईची योजना उद्याच येणार नाही. पण नोंदीचे काम उद्या सुरू करता येईल. नवजात अर्भकाच्या काळजीसाठी आशा सेविका प्रसूतीनंतर 42 दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येते. तिच्या तक्त्यात मातेसाठी तीन प्रश्न वाढवावेत : पाय बधिर आहे का, पाऊल वर उचलता येते का, लघवी भरल्याचे कळते का? उत्तर चिंताजनक आले, तर बाईला जिल्हा रुग्णालयात तपासण्याची हमी असावी, आणि या वाढीव कामाचा मोबदला आशाला मिळावा. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बाळंतिणीला घरी पाठवण्यापूर्वी तिचा पाय तपासून निकाल कागदावर द्यावा, आणि कायमच्या इजेची माहिती राज्याच्या आरोग्य खात्याला कळवावी.

अशा चौकशीने स्त्रिया घाबरतील आणि वेदनामुक्तीचा हक्क गमावतील, असा आक्षेप घेतला जातो. ब्रिटनचा अनुभव याच्या उलट आहे. मोजल्यामुळेच तेथे धोका किती लहान आहे हे आकड्यांनिशी सांगता आले. भीती वाढते ती, तक्रार करणाऱ्या बाईला मनाचे खेळ म्हणून वाटेला लावल्याने. कारण मग तिच्या शेजारणी डॉक्टरांच्या शब्दापेक्षा तिच्या पायावर विश्वास ठेवतात. कळा सोसणे हा स्त्रीधर्म नव्हे, हे मान्य करणाऱ्या समाजाने वेदनामुक्तीनंतर मागे राहिलेल्या बधिरतेची विचारपूस करणे हेही आपले काम मानले पाहिजे.